पाण्याच्या जारखालचं स्टूल

"साहेब, तुम्ही खुर्चीत बसून काम करता, मग माझ्या पप्पांनीच का उभं राहायचं?"

खंडेनवमीच्या दिवशी, अख्ख्या कंपनीसमोर ज्ञानेश्वरीनं हे विचारलं. मैत्रिणींनी तिला चढवलं होतं, "विचारून दाखव, मग मानू!" आणि तिनं विचारलंच की! मित्रांनो, माझे चारही पाय थरथरले. कारण सगळं भांडण माझ्यावरूनच होतं.

मी वाळूजच्या एका कारखान्यातलं जुनं लोखंडी स्टूल. दुकानातलं नव्हे हं! वेल्डर पुंजारामनं भंगारातल्या पाइपांतून मला घडवलं, तेही खास पिशोरच्या भारतसाठी, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या पप्पांसाठी. पोलिओनं त्याचा डावा पाय बारीक, आखूड राहिलेला. म्हणून माझ्या डाव्या अंगाला त्या पायापुरती एक पायरी. जुने सुपरवायझर नानासाहेब म्हणाले होते, "माल चांगला निघतोय ना? मग बसू द्या की!" माझ्यावर बसून भारत रबरी वायसर तपासायचा, गाणी गुणगुणायचा. जाताना मला फडक्यानं पुसून जायचा. काय थाट होता माझा!

नानासाहेब रिटायर झाले आणि सुदर्शनसाहेब आले.

"लायनीवर सगळे उभे, अन् तुला सिंहासन? उचला ते!"

पोरं फिदीफिदी हसली. "राजे, राज्य गेलं तुमचं!" ज्यानं मला घडवलं तो पुंजाराम मान खाली घालून वेल्डिंग करत राहिला. माझ्यावर पाण्याचा जार आला. तो गळायचा, गंज मला खायचा. समोर भारत टेबलाला पोट टेकवून उभा. दुपारपर्यंत त्याचा पाय लटपटायचा, हातून वायसर निसटायचे. मग साहेब म्हणायचे, "जमत नाय ना? दे राजीनामा."

मित्रांनो, आखूड पायानं त्याचं काम कधीच बिघडलं नव्हतं. मला काढलं, तेव्हा बिघडलं.

खंडेनवमीला कामगारांच्या घरचे कंपनी बघायला येतात. त्या दिवशी यंत्रांना, पान्यांना, हातोड्यांनासुद्धा झेंडूचे हार पडले. माझ्या पायरीवर मात्र चहाचे उष्टे कप! तेवढ्यात तो प्रश्न आला.

साहेब हसले. "पोरी, तुझ्या बापाला बसायची लई हौस ना? दिवाळीपासून घरीच बसव त्याला!"

सगळे हसले. या वेळी पुंजारामसुद्धा. भारतनं लेकीला मागं ओढलं आणि साहेबांपुढं हात जोडले. "चुकलं पोरीचं. लहान हाय ती."

आरतीची घंटा वाजली, सगळे तिकडं वळले. ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले आणि धाडकन जार ढकलला. पाणी फरशीभर! ओढणीनं मला पुसून तिनं आईबापांसमोर आणून ठेवलं. एखाद्याचा आधार काढून घ्यायचा आणि वर त्यालाच कमजोर म्हणायचं, असं तुम्ही कुणाशी करू नका, मित्रांनो. मी हे नुसतं सोसलं. ती बोलली.

"पप्पा, राजीनामा द्यायचा नाय. दसऱ्याची सुट्टी संपली की रोज शाळेआधी मी तुमच्यासंगं येणार, हे लायनीवर ठेवणार."

"अगं, नोकरी जाईल त्यांची!" तिची आई रूपा कळवळली.

"ती तर तशीबी चाललीय, आई. साहेबांनी फेकलं तर दुसऱ्या दिवशी परत ठेवीन. ठरलं माझं."