दहापैकी किती

तुरुंगातलं जगणं कसं वाटतं, हे विचारायला कॉलेजातली एक मुलगी आली होती. जेवण, झोप, पाणी, शिपायांची वागणूक, प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायचे. बराकीतल्या बाकीच्यांनी पाच-सहा देऊन तिला वाटेला लावलं. मी पडलो ट्रक चालवणारा. घासाघीस केल्याशिवाय मला साधी चप्पलही घेता येत नाही. कुणी आकडा विचारला की तळापासून सुरुवात करायची, एवढंच मला ठाऊक. मी सगळ्याला शून्य ठोकलं.

माझी कंबर पार कामातून गेलेली. फरशीवर झोपून सकाळी उठताना ब्रह्मांड आठवतं. निदान एक खाट पदरात पडावी, इतकाच माझा डाव होता.

"घरच्यांची भेट?" तिनं विचारलं.

आई दर आठवड्याला येते. मधली काच मळकी, फोनमध्ये खरखर, आणि बोलणं जरा रंगात आलं की वेळ संपली म्हणून शिपाई ओरडतो.

"शून्य," मी म्हणालो.

"नक्की ना, काका?"

"लिही गं. भीड कसली त्यात?"

माझ्या शेजारी झोपणारा शिंपी हसला. "अरे, एखादा तरी गुण दे. तुझ्या खिशातून जाणार आहे का?"

"तू तुझी शिलाई बघ," मी त्याला म्हटलं.

थोड्याच दिवसांत त्या गुणांवरून वरून हुकूम आला. ज्यांचे हाल सगळ्यात जास्त, त्यांना आधी नव्या तुरुंगात हलवायचं. तिथं प्रत्येकाला खाट, पंखा, स्वच्छ संडास. पहिला नंबर माझा. बराकीतले सगळे जळफळले. शिंपी तर माझ्याशी धड बोलेना.

मी मात्र गार पडलो होतो. नवा तुरुंग डोंगरापलीकडे, बसनं अर्ध्या दिवसाची वाट. आमचं घर या तुरुंगाच्या मागच्याच गल्लीत. गुडघे गेल्यापासून आईला बसमध्ये चढता येत नाही. इथं ती काठी टेकत, वाटेत बसत-उठत चालत येते. माझी शिक्षा अजून कितीतरी बाकी आणि तिचं वय झालेलं. तिकडे गेलो तर आई पुन्हा दिसणार नाही, हे कळायला ज्योतिषी नको होता.

जेलरसाहेबांचे पाय धरले. "साहेब, मला इथंच फरशीवर राहू द्या. सगळ्याला दहा देतो."

"भेटीलाही शून्यच दिलंस ना? मग लांब गेल्यानं तुझं काय बिघडतंय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. भेट धड होत नाही म्हणून शून्य दिलं, भेट नको म्हणून नाही, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "हुकूम वरून आलाय, बाबा. माझ्या हातात काही असतं तर माझ्या खोलीतला पंखा नसता का दुरुस्त झाला?"

आईला बातमी शिंप्याच्या बायकोकडून आधीच लागली होती. काचेपलीकडे तिचा चेहरा फुललेला.

"खाट मिळणार म्हणे! बरं झालं बाई. कंबरेला तेवढाच आराम."

"लांब आहे गं, आई."

"असू दे. काल स्टँडवर जाऊन आले. उभ्या बसमध्ये चढून बघितलं. पहिली पायरी जमली."

"आणि दुसरी?"

"दुसरीला कंडक्टरनं हात दिला रे, भला माणूस. पण गुडघाच वळेना. मागची माणसं कावली, मग उतरले." ती हसली. "रोज थोडं थोडं करते. होईल सवय. कधी निघायचंय तुला?"

"उद्या."

"जा तू पुढं. मी येते मागून."

मला हुंदका आवरेना. फोन बाजूला धरला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. शिपाई ओरडला. आई काठीवर भार देऊन स्टुलावरून उठायला लागली. उठली नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खाली बसली. माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मी काचेच्या अलीकडे उभा होतो. शेवटी त्या शिपायानंच तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं.