मोरचूद

चित्रं काढायची मी आणि वाहवा मिळवायची चंद्रभानने! बोईसरच्या शाळेत एकवीस वर्षं चित्रकला शिकवतोय, पण माझी चित्रं बघायला कुणी माझी पायरी चढलं नाही. शेजारच्या चंद्रभानला, कारखान्यातल्या या फिटरला, रेघ धड ओढता येत नाही. तो रद्दीतून जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणतो, भिंतीवर लावतो आणि सगळी चाळ त्याच्या दारात! आयत्या बिळावर नागोबा. माझी बायको विजयासुद्धा एकदा म्हणाली, "किती छान लावलीत हो!" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझंही एक मुखपृष्ठ छापून आलं होतं, सत्तर साली, पालघरच्या एका छोट्या अंकावर. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी बसलेली सातपाटीची कोळीण. पुढच्याच वर्षी अंक बंद पडला आणि माझी प्रत वाळवीने खाल्ली. चंद्रभानच्या भिंतीवर ते आहे का, हे मी जाता-येता चोरून बघायचो. नव्हतं. माझं पोट आणखी दुखायचं.

एप्रिलमध्ये तो घरी आला. "सर, यंदा गणपतीच्या मंडपात प्रदर्शन लावतोय. सगळी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून फ्रेम करायचीत. खळ कशी करू?"

मी सांगितलं. मैदा, पाणी, मंद आच, गुठळी होऊ द्यायची नाही. मोरचूद तेवढा सांगितला नाही. चिमूटभर मोरचूद नसला की पावसाळ्यात कसर खळीसकट कागद खाते, हे मला पक्कं ठाऊक होतं. खाऊ दे, म्हटलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी त्याने मंडपात गाठोडी सोडली. एकही चित्र धड नव्हतं. चंद्रभान मटकन खाली बसला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"बाकीची जाऊ द्या सर," तो म्हणाला, "पण ही मधोमध लावणार होतो. तुम्हाला न सांगता."

त्याने शेवटची फ्रेम पुढे केली. बोंबील होते, टोपली होती. कोळणीच्या तोंडाच्या जागी भोक होतं. माझी सही होती तो कोपराच गेला होता.

"सातपाटीच्या भागीने पेटीत जपलं होतं. 'माज्या आयचं चित्र हाय, नाय देनार,' म्हणायची. आई वारली तिची. तीन खेपा घातल्या. सरांचा मान करायचाय म्हटलं, तेव्हा दिलं. उद्या बघायला येणार आहे ती."

विजया मागेच उभी होती. "अहो, तुम्ही खळ करता तेव्हा मोरचूद घालता ना?"

चंद्रभानने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"विसरले असतील सर, वहिनी," तो म्हणाला आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसू लागला.

हेवा करावा असं त्याच्याकडे आता एकही चित्र उरलं नव्हतं. तरी त्या घटकेला मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.