हात मागे, डोळा पुढे

मी एक दुर्बीण. एका डोळ्याची, तीन पायांची आणि एका जागी कधी न टिकणारी. आत्ता तुमच्याशी बोलतेय खरी, पण माझं निम्मं लक्ष त्या समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे आहे. तिथं काहीतरी हललं. वारा असेल. नसेलही. आयुष्यभर मला हीच खोड लागलीय, त्यामुळे बोलता बोलता मध्येच थांबले तर राग मानू नका.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. ते मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य कोस्टा रिकातल्या या समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात सुरू झालं आणि तेही एका डुकरामुळे. एवेलिओ इथला सगळ्यांत जुना गाइड, पण त्याच्याकडे धड दुर्बीण नव्हती. मग गावाच्या जत्रेत लोकांनी एका डुकराची सोडत ठेवली. एवेलिओच्या बायकोनं, मारिएलोसनं, मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधलेले तामाले रात्रंदिवस उकडून विकले. त्या सगळ्यातून मी आले. डुक्कर दागोबेर्तो नावाच्या गाइडला लागलं. तो अजूनही म्हणतो, "तिकिटं सगळ्यात जास्त मी घेतली होती, तेव्हा या दुर्बिणीचे दोन पाय माझे."

एवेलिओची नजर म्हणजे काय सांगू तुम्हाला. चालता चालता तो थांबायचा, मला जमिनीवर रोवायचा, चित्र स्वच्छ करायची कडी जराशी फिरवायचा आणि बाजूला व्हायचा. लगेच माझ्यासमोर उंच फांदीवर पोटाशी पिल्लू धरून उलटी लटकलेली आळशी स्लॉथ असायची, नाहीतर पानाखाली झोपलेली वटवाघळं. पाहुण्यांना तो एकच गोष्ट बजावायचा. "बघा, पण मला हात लावू नका, असं ही म्हणतेय. हात मागे, डोळा पुढे." मग देशोदेशीची मोठमोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखी हात पाठीमागे बांधून माझ्यापुढे वाकायची.

माणसं मला जवळून ठाऊक आहेत, अगदी पापणीच्या केसापर्यंत. अंगाला फासलेलं क्रीम ती माझ्या काचेला पुसून जातात. कुणी भलताच डोळा मिटतो. कुणी क्षणभर बघतो आणि लगेच फोन माझ्या तोंडाला लावतो. पण सगळ्यात जास्त जण करतात ती गोष्ट वेगळीच. त्यांना काहीही दिसलेलं नसतं, मागे रांग उभी असते, आणि ती मान डोलावतात. "अहाहा," म्हणतात, "किती सुंदर." मला तेव्हा इतकी चुळबुळ होते की तिवईसकट उठून त्यांच्यामागे जावंसं वाटतं.

इथल्या गाइड लोकांची एक रीत आहे. ज्याला प्राणी आधी सापडेल त्यानं आपली दुर्बीण त्यावर रोखायची आणि मागून येणाऱ्या गाइडला म्हणायचं, "घे, तुझ्यासाठी सोडला." मागच्यानं त्याच्या मागच्याला. वाटेच्या शेवटी समुद्र आहे. पाहुणे तिथं डुंबायला उतरले की पुढचा गाइड आपली दुर्बीण समुद्राआधीच्या वळणावर तशीच उभी सोडून जातो. तिला कुणी हलवत नाही आणि कुणी चोरतही नाही.

सगळं छान चाललं होतं. मग एवेलिओचा हात माझ्या कडीवर रेंगाळायला लागला. पुढे फिरव, मागे फिरव, परत पुढे. चित्र माझ्यात स्वच्छ असायचं, मला ते कळत होतं, पण तो ते ओलांडून पुढे जायचा आणि पाहुण्यांना धुकं दाखवायचा. मग शर्टाच्या टोकानं माझी काच पुसायचा. एकदा घासली, दोनदा घासली. घरी मारिएलोसला म्हणाला, "हिच्यात दमट हवा शिरलीय. बुरशी धरली असणार. नवी बघावी लागेल."

मला बुरशी! माझ्या काचेला ओरखडासुद्धा नव्हता. मला राग आला आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. त्याचा डोळा रोज माझ्या डोळ्याला लागत होता ना. त्याच्या बाहुलीवर दुधाच्या सायीसारखा पडदा धरत चालला होता आणि तो दिवसेंदिवस जाड होत होता. हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. मला सांगता येत नव्हतं. अशा वेळी नुसतं उभं राहणं काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही.

तो मग आठवणीवर चालायला लागला. स्लॉथ कुठल्या झाडावर असते, इग्वाना सरडा कुठल्या फांदीवर ऊन खातो, हे त्याला पाठ होतं. तिकडे मला रोखायचा आणि पाहुणे "दिसला, दिसला" म्हणाले की हसायचा. पुष्कळदा प्राणी असायचाही.

या वर्षीच्या उन्हाळ्यातली ती सकाळ. एवेलिओबरोबर अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरातलं एक वयस्कर जोडपं आणि आणखी काही मंडळी होती. त्यातल्या बाईंना एकच पक्षी बघायचा होता. इथं त्याला खुंटपक्षी म्हणतात. दिवसभर तो मोडक्या खोडाच्या टोकावर मान वर करून, डोळे मिटून बसतो आणि खोडाचाच तुकडा होऊन जातो. मिटलेल्या पापणीला बारीक फट असते, तिच्यातून तो तुम्हाला बघत असतो. मागच्या वर्षी समुद्राजवळच्या वळणावर एका वठलेल्या खोडावर तो बसायचा. पाऊस लागल्यावर तो गेला तो परत आला नव्हता.

एवेलिओ वळणावर थांबला. मला रोवलं. कडी पुढे, मागे, पुढे. "आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका आनंदी होता की मला गलबलून आलं. "आलाय परत. बघा, टोकावर."

माझ्यात खोड होतं. नुसतं खोड. वर तुटलेलं टोक, त्याच्यावर चढणारी मुंग्यांची रांग. दुसरं काही नाही.

कोर्दोबाच्या बाई हात मागे बांधून वाकल्या. मला वाटलं, आता म्हणतील काही नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की. डोळा दिसतोय." त्यांच्या यजमानांना तर चोचही दिसली. सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. एवेलिओनं मला तिथंच सोडलं आणि मंडळींना घेऊन तो पाण्याकडे उतरला.

मागून दागोबेर्तोचा घोळका आला. "एवेलिओकाकांनी काय सोडलंय बघू," म्हणत तो वाकला. बघितलं. डोळा बाजूला घेऊन नुसत्या नजरेनं खोडाकडे बघितलं. परत माझ्यात बघितलं. मग खाली किनाऱ्याकडे, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एवेलिओकडे बघत राहिला.

या दागोबेर्तोच्या जिभेला हाड नाही. एवेलिओचं पोट, एवेलिओचा फुटबॉलचा संघ, मारिएलोसच्या कॉफीतलं पाणी, काही म्हणून तो सोडत नाही. आता हा किनाऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी ओरडणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. तो सरळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "या मंडळी, एकेक करून. खुंटपक्षी आहे. हात मागे."

गावातल्या गावात एकमेकांची कितीही टर उडवतील, पण परक्यांसमोर एक गाइड दुसऱ्याला खोटा पाडत नाही. दागोबेर्तोच्या लोकांनी खोड बघितलं. त्याच्या मागच्या गाइडनंही आपल्या लोकांना खोड दाखवलं. मी तिवईवर ताठ उभी राहून जगातल्या भल्या माणसांना एका मेलेल्या खोडाचं दर्शन देत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आनिया आली. एवेलिओची मुलगी. तीही गाइडच आहे. तिनं डोळा लावला आणि तिची पापणी माझ्या काचेला लागून थरथरली.

"आहे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हा खुंट आहे. चूक झालीय आमची." आणि तिनं माझा स्क्रू सैल करून माझी मान खाली घातली.

तेवढ्यात कोर्दोबाच्या बाई टॉवेल गुंडाळून वर येत होत्या. "अहो, असं कसं? आम्ही डोळा बघितला त्याचा." त्यांच्या मागेच एवेलिओ होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्यानं ऐकलं होतं.

"उडाला असेल," तो म्हणाला.

"उडालाच, काका," दागोबेर्तो कुठूनसा पुढे आला. "आत्ताच गेला. मी बघितला ना जाताना."

"दागोबेर्तो, तू गप्प बस," आनिया म्हणाली.

एवेलिओनं मला खांद्यावर टाकलं. परतीच्या वाटेवर त्यानं मला एकदाही खाली ठेवलं नाही.

दुपारी सगळे उद्यानाच्या फाटकाबाहेर मारिएलोसच्या खाणावळीत जमले. काळ्या घेवड्याच्या भाताच्या बशा समोर होत्या आणि कुणी घास घेत नव्हतं. एवेलिओ म्हणाला, "काच गेलीय हिची. मी केव्हाचा सांगतोय."

आनियानं मला दारात उभं केलं. माझ्याशेजारी आपली दुर्बीण उभी केली आणि दोन्ही पलीकडच्या मैदानावरच्या गोलपोस्टवर रोखल्या. "बाबा, बघा. आधी तुमच्यात, मग माझ्यात."

त्यानं माझ्यात बघितलं. तिच्यात बघितलं. परत माझ्यात. मी आतल्या आत विनवत होते, या वेळी तरी मान डोलावू नकोस.

"दोन्ही काचा एकदम गेल्या म्हणायच्या का?" आनियानं विचारलं.

मारिएलोस चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, "हे निवडतात त्या घेवड्यात खडे राहायला लागले तेव्हाच मला कळलं. त्याआधी वाटायचं, माझ्याकडे बघत नाहीत ते आता मी म्हातारी झाले म्हणून."

"मी डोळ्याला सुरी लावू देणार नाही," एवेलिओ म्हणाला. "आहे तेही गेलं तर? मी काय करू मग? तामाले बांधू?"

मग त्यानं दागोबेर्तोकडे तोंड वळवलं. "तू बघितलंस ना माझ्या मागून? खोड दिसलं होतं तुला?"

"दिसलं होतं, काका."

"आणि दाखवलंस लोकांना. पक्षी म्हणून."

"दाखवला. सगळ्यांना आवडला," दागोबेर्तो म्हणाला. "मी काय आजच खोटं बोललो? डुकराच्या वजनाबद्दल मी इतकी वर्षं खोटं बोलतोय."

"प्राण्याच्या बाबतीत आज पहिल्यांदा बोललास," एवेलिओ म्हणाला. "माझ्यामुळे."

दागोबेर्तोनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. एवेलिओनं बशी पुढे ओढली, दोन घास खाल्ले आणि बायकोला विचारलं, "राजधानीची पहिली बस किती वाजता असते?"

तो गेला आणि मी आनियाच्या खांद्यावर आले. तिचे हात भराभर चालतात. मला रोवलं न रोवलं तोच उचलते. दिवस कामात जायचा, पण डोळ्याला डोळा लागला की मी दचकायचे. हा नव्हे, हाही नव्हे. राजधानीहून निरोप यायचे. एक डोळा झाला. पट्टी आहे. थेंब घालायचे आहेत. उन्हात जायचं नाही. दिसतं का, हे मात्र कुणी सांगेना. आनिया विचारायला घाबरायची आणि तो आपण होऊन बोलायचा नाही.

आज सकाळी तो आला. काळा चष्मा, डोक्यावर मारिएलोसची गवताची टोपी. फाटकातून पाहुण्यांच्या रांगेतून आत आला आणि सगळ्यात मागे चालत राहिला. समुद्राजवळच्या वळणावर आनिया थांबली. दागोबेर्तो आधीच तिथं उभा होता. दोघांची नजरानजर झाली. तिनं मला रोवलं, रोखलं, कडी बसवली.

"काका, या या," दागोबेर्तो मोठ्यानं म्हणाला. "तुमच्यासाठी सोडलाय. खुंटपक्षी बसलाय बघा, अगदी टोकावर."

माझ्यात काय होतं ते मला माहीत होतं. पाहुणे बाजूला झाले. एवेलिओनं चष्मा काढून खिशात ठेवला. मग, जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं तसं, त्यानं स्वतःचे हात पाठीमागे बांधले आणि वाकला.

त्याचा डोळा माझ्या डोळ्याला लागला. साय नव्हती. किती वेळ गेला देव जाणे. दागोबेर्तोचं हसू अर्ध्यावर थांबलं होतं. कडीला त्यानं हात लावला नाही.

"खोड आहे," एवेलिओ म्हणाला. "मुंग्या चढताहेत त्याच्यावर. एकीच्या तोंडात पानाचा तुकडा आहे. तुम्हा दोघांना लाज नाही वाटत म्हाताऱ्याची थट्टा करायला?"

आनिया रडायला लागली. दागोबेर्तोनं तोंड फिरवलं आणि पाहुण्यांना उगाच समुद्र दाखवायला लागला. एवेलिओ अजून वाकलेलाच होता. त्याला त्या मुंग्या सोडवत नव्हत्या.

तर मंडळी, कधी इथं आलात आणि माझ्यापुढे वाकलात, तर एवढं करा. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणा. मागची रांग थांबेल. पक्षीही बहुतेक थांबेल. तुम्ही मान डोलावलीत की कुणाला तरी ते खरं वाटतं.

पुढचं बोलायला वेळ नाही. एवेलिओनं मला उचललंय, खांद्यावर टाकलंय आणि तो त्या समोरच्या झाडाकडे निघालाय. शेंड्यावर काहीतरी हललं म्हणे. मी मघापासून तेच तर सांगत होते.