पट्ट्यांची मस्की

ऑर्लिन टॉलेफ्सनला बायकोनं नदीवर जायला सक्त मनाई केली होती, आणि म्हणूनच तो गेला. सत्तरी उलटलेली, हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ राहावं म्हणून रोज गोळी. दाढी करताना जरा कापलं तरी गडी अर्धा तास टॉवेल दाबून बसायचा. पण नोव्हेंबरात चिपेवा नदीच्या काठाला बर्फाची किनार धरली, की त्याला घरात कोंडून ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. शेवटी त्याची मुलगी मारिट म्हणाली, "मीच वल्हवते. एकटे गेलात तर बुडाल कुठेतरी."

होडीनं वरचा धक्का मागे टाकला. आता खालच्या धक्क्यापर्यंत अडीच तास नुसतं पाणी नि झाडं. फोनला रेंज नाही. खाली शेजारचा डेल गाडी घेऊन थांबणार, तेवढाच काय तो माणूस.

"तोंड का पाडलंयस?" ऑर्लिन म्हणाला. "आईनं कान भरलेत वाटतं."

"तुम्ही मासा बघा, बाबा."

तो गळाच्या काठीनं दोरी फेकत होता. दोरीच्या टोकाला आमिष म्हणून वीतभराहून लांब, पिसांची खोटी माशी, तिच्यात तारेनं जोडलेले दोन गळ, एक पुढे, एक मागे. फेकायची, ओढत आणायची आणि होडीजवळ आली की काठीचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढायचा. दर फेकीला. कारण मस्की, म्हणजे या नदीतला दांडगा शिकारी मासा, पाठलाग करत येते आणि अगदी कडेला आल्यावर ठरवते, खायचं की नाही. दिवसभर आकडे काढले तरी बहुधा काहीच येत नाही. ऑर्लिननं चाळीस वर्षं काढले होते.

दुसऱ्या तासाला आकड्याच्या वळणावर पाणी फुटलं.

"आली! जाळं! अगं जाळं घाल!"

मारिटनं नांगर टाकला आणि जाळं घातलं. आत चार फुटांची, अंगभर उभे पट्टे असलेली टायगर मस्की, संकराची वांझ जात. एवढी मोठी दोघांनीही आजवर पाहिली नव्हती. मागचा गळ जबड्यात खोल रुतलेला.

त्यांच्यात एक रीत होती. मासा जाळ्यासकट पाण्यातच ठेवायचा, होडीत घ्यायचा नाही. मोठ्या कटरनं गळ तोडायचा आणि मासा सोडून द्यायचा. चाळीस वर्षांत ऑर्लिननं एकही मस्की मारली नव्हती, मारणाऱ्यांशी तो बोलतही नसे.

"थांबा, कटर देते. हात घालू नका!"

"तिचा कल्ला अडकलाय गं, गुदमरेल," म्हणत त्यानं उघडा हात जाळ्यात घातलाच.

मासळी उसळली. पुढचा गळ त्याच्या मनगटात घुसला, आरपार. आता एका गळाला मस्की आणि दुसऱ्याला बाप, मध्ये वीतभर तार.

ऑर्लिन ओरडला नाही. त्याचा चेहरा नुसता पांढरा पडला. मारिटनं कटर पुढे केला, तेवढ्यात शेपटीचा फटका बसला आणि कटर पाण्यात गेला. खाली बारा फूट काळं पाणी. जाळ्यात रक्त पसरत होतं. मासळी प्रत्येक हिसक्यासरशी गळ शिरेकडे ओढत होती.

"बाबा, तिला आत घेते."

"नाही! आत घेतली की मरेल ती."

"तुम्ही मराल! कळतंय का?"

"मारिट, ऐक माझं. जरा दमू दे तिला."

"तिला दमायला वेळ आहे, तुम्हाला नाही!"

तिनं जाळं आत ओढलं. बापाचा हातही सोबत आला आणि तो कळवळला. मासळीवर गुडघा रोवून मारिटनं कॉफीनं भरलेला स्टीलचा थर्मास उचलला. एक घाव. दुसरा. मासळी अजून हलत होती, आणि मारिटला रडू फुटलं. तिसऱ्या घावाला मासळी निपचित झाली. मग चाकूनं जबडा कापून तिनं गळ सोडवला. मनगटातला तसाच ठेवला. उपसला असता तर धार लागली असती. मफलर गुंडाळला, वर पट्टा आवळला. मफलर बघता बघता भिजला.

"दाबून धरा. सोडाल तर बघा."

तिनं नांगर ओढला आणि वल्ही हाणायला सुरुवात केली.

"चांडाळणी," ऑर्लिन मागून म्हणाला. "मारलीस तिला."

"मारली. हिला पिल्लं तरी कुठे होतात?"

"म्हणून मारायची? लाज नाही वाटत?"

तो शिव्या देत होता, आणि मारिटच्या ध्यानात आलं, जोवर शिव्या आहेत तोवर बाप आहे. मग तिनं मुद्दामच डिवचायला घेतलं. "घरी नेऊन तळणार आहे मी. बटाट्यांबरोबर."

"हात लावून तर बघ!"

"डोकं भिंतीवर टांगणार. खाली तुमचं नाव लिहिणार. मारणारा, ऑर्लिन टॉलेफ्सन."

"हलकट कार्टी," तो म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता.

मग उत्तरं यायची थांबली.

"बाबा? आईला सांगेन, तुम्हीच मारलीत म्हणून. बाबा, बोला ना! शिवी द्या!"

मागे वळून बघावं तर वल्ही थांबणार, न बघावं तर जीव जाणार तिचाच. ती न बघताच वल्हवत राहिली, तळहात सोलले तरी. वळण सरलं, धक्का दिसला आणि तिनं डेलच्या नावानं टाहो फोडला.

डेलनं ऑर्लिनला उचलून गाडीत टाकलं. वाटभर मारिट मागच्या सीटवर त्याचं मनगट दोन्ही हातांनी दाबून बसली होती. ओठ निळे, डोळे मिटलेले. गावातल्या दवाखान्याच्या दारात नर्स धावत आली, त्याच्या गालावर थापट्या मारल्या. "आजोबा! ऐकू येतंय का? काय झालं सांगा बघू!"

तिनं पुन्हा थापट मारली. मग ऑर्लिनचे ओठ हलले.

"हिनं," तो म्हणाला, "मस्की मारली माझी."

"हो बाबा, मारली!" मारिट तिथंच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "मीच मारली. अजून सांगा त्यांना. सगळं सांगा."