दोन्ही बाह्या डाव्या

मी कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. जाड कापड एकेरी पसरायचं, एक बाही कापली की कागदी नमुना पालथा घालायचा आणि दुसरी कापायची. शिवणकामात हे शेंबड्या पोरालाही शिकवतात. मी नमुना पालथा घातलाच नाही. कापड गिऱ्हाईकाचं, आणि उरलेलं टीचभर. बरं, हे पहिल्यांदा झालं म्हणावं तर तसंही नाही. टेलर मास्तर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "उद्या ये आणि सांग, तुला का ठेवू," एवढंच म्हणाले. ही नोकरी गेली तर पुढची मला कोण देणार?

घरी माझा जुळा भाऊ जेवायला आला होता. सगळं ऐकून म्हणाला, "तुलाही एडीएचडी आहे. माझ्यासारखंच."

डोकंच फिरलं माझं. हा वर्गात बाकांवरून उड्या मारायचा, हात मोडून घेतला, म्हणून याला लहानपणीच डॉक्टरकडे नेलं. औषधं काय, वेगळी शिकवणी काय! आता स्वारी रुग्णवाहिका चालवते, तीही वेळेवर. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, खिडकीपाशी गप्प बसून असायचे. मला कसला आलाय आजार? मी वेंधळी आहे, सगळे तेच म्हणतात.

"शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या," आई ताटं उचलता उचलता म्हणाली. "दोघांनाही दाखवा म्हणून."

"मग?"

"तू त्रास देत नव्हतीस गं."

आता रागवायचं तरी कुणावर? हा आजार असेल, तर इतकी वर्षं मी स्वतःला घातलेल्या शिव्यांचं काय? आणि नसेल, तर मी नुसतीच बिनडोक? भाऊ समजावत होता, या आजारात काहींना चैन पडत नाही, तर काहींचं गप्प बसल्या बसल्या लक्ष उडतं, असं काहीतरी. त्यातलं अर्धं माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

सकाळी मास्तरांना आजाराचं सांगायचं ठरवून निघाले, पण दुकानाच्या पायरीवर तेही बहाणा वाटायला लागलं.

"शब्द दे, परत होणार नाही," मास्तर म्हणाले.

असले शब्द मी शाळेपासून वाटत आलेय. आईला, बाईंना, प्रत्येक मालकाला.

"होईल," मी म्हणाले. "मास्तर, परत होईल. का होतं ते मलाच कळत नाही."

त्यांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. "मग कात्री लावायच्या आधी मला हाक मारत जा. मी बघून घेईन."

बस? एवढंच? एवढंच हवं होतं इतकी वर्षं? खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि भोकाड पसरलं.