मावशीगाठ

“कोणती गाठ म्हणालीस?”

“मावशीगाठ,” खाटेवरची बाई म्हणाली. “आमच्या लाँड्रीत सगळ्या तीच मारतात, आजी.”

माझ्या हातातला तिचा सदरा खाली पडला. तो उचलायचं भानही मला राहिलं नाही.

मी दर बुधवारी हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात जाते. हाताला इजा झालेल्या माणसांना बटण कसं लावायचं, बरणीचं झाकण कसं उघडायचं, वेणी कशी घालायची ते दाखवते. माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे, मधली तीन बोटं नाहीत. वीस वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत, चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या गरम रुळाखाली ती गेली. शिकवायला बसण्याआधी मी प्रत्येकाला माझी साक्ष सांगते. चर्चमध्येही वर्षातून एकदा उभी राहून सांगते, की प्रभूने माझी तीन बोटं घेतली आणि मला अक्षरं दिली. काम सुटून मी घरात भिंती बघत बसले होते, तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी पन्नाशीच्या बाईच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. ते ऐकून लोक डोळे पुसतात. मलाही सांगायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ही बाई तिशीची, दोन लेकरांची आई. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, चार बोटं गेलेली. माझी साक्ष अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात ती म्हणाली होती, “तुमची प्रभूने घेतली, आजी. माझी माझ्या मूर्खपणाने गेली. गाठ मारली ना मी, मावशीगाठ.”

“कोण ही मावशी?” मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

“कोणास ठाऊक! जुनी कुणीतरी होती म्हणे. डोक्याने फार हुशार. साहेब दारात दिसले की चिंधीला एक हिसका, गाठ गायब! आमच्यात म्हणतात, नवरा सुटेल पण मावशीगाठ आपण ओढल्याशिवाय सुटायची नाही.” ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. “सोमवारी चौकशी आहे. मशीन थांबवणारी पट्टी मीच बांधून ठेवली, म्हणजे चूक माझीच. काढून टाकणार मला. सासू म्हणते, हाताने केलंस, हातानेच फेडलंस. खरंच आहे ना ते?”

मी उठून बाहेर आले. जिन्यात कठड्याला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

ती मावशी मी होते.

त्या रुळासमोर बोटांच्या उंचीवर एक लोखंडी पट्टी असते. बोट पुढे गेलं की आधी पट्टीला लागतं आणि रूळ थांबतो. पण चादरीची जाड शिवण लागली तरी तो थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घ्यायचा. दिवसाला सहाशे चादरी काढायच्या कशा? मग मी फाटक्या चादरीच्या काठाची चिंधी घेतली आणि पट्टी वर उचलून बांधून टाकली. घट्ट बसेल, पण ओढली की सुटेल अशी गाठ. बायकांनी मला डोक्यावर घेतलं. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी मिरवले, आणि एकेकीचा हात धरून ती गाठ शिकवली.

माझी बोटं गेली तेव्हाही पट्टी बांधलेलीच होती. आमचे हे तेव्हा तिथेच बॉयलरवर होते. माझी किंकाळी ऐकून धावत आले, आधी मशीन बंद केलं आणि मग चिंधी ओढून खिशात घातली. ‘पट्टी नादुरुस्त होती’ असं कागदावर आलं. मी गप्प राहिले. पुढे साक्ष इतक्या वेळा सांगितली की ती चिंधी तिच्यातून पार धुऊन निघाली. आठवेनाशीच झाली.

घरी आले तेव्हा हे ओट्याशी बटाटे सोलत होते.

“अहो, ती गाठ अजून जिवंत आहे.”

सुरी थांबली. कोणती गाठ, असं त्यांनी विचारलंच नाही. मला दुसरा धक्का बसला तो तिथे.

“तुम्हाला आठवत होतं?”

ते उठले. खाटेखालची हत्यारांची पेटी ओढली, सगळ्यात तळाशी हात घातला आणि एक पिवळी पडलेली चिंधी काढून माझ्यासमोर धरली. एका टोकाला काळपट डाग होता.

“टाकवली नाही,” ते म्हणाले.

“वीस वर्षं ठेवलीत? आणि बोलला नाहीत?”

“तू साक्ष द्यायला उभी राहायचीस, तेव्हा तुझं तोंड बघायचो. मग काय बोलणार?”

मी त्या बाईबद्दल सांगितलं. सोमवारी मी जाऊन सगळं बोलणार, असं मी म्हणाले.

“अगं, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतेस. उद्या शेवटच्या बाकावरही कुणी सरकून जागा देणार नाही. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्यात तुझ्याकडे दाखवायला हात पण अर्धाच!” हा माणूस मयतीलाही विनोद करतो. पण बोलता बोलता त्यांनी चिंधीची घडी घालून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पाळकबाईंकडे गेले. त्या टेबलाशी बसून गीतांच्या फाटक्या पुस्तकांना डिंक लावत होत्या. मी चिंधी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ब्रशवरचा डिंक वाळला.

“मी तुझी साक्ष कितीजणांना सांगितली असेल,” शेवटी त्या म्हणाल्या.

“बाई, म्हणजे प्रभूने घेतलीच नाहीत ना बोटं? मीच घालवली. माझ्या मागून तिचीही घालवली. मग एवढ्या दुखण्याला काय अर्थ होता? कशासाठी सोसलं मी?”

“मला ठाऊक नाही गं.” बाईंनी मला असं उत्तर कधी दिलं नव्हतं. त्यांनी चिंधी जवळ ओढली. मग म्हणाल्या, “प्रभू थडग्यातून उठला, तेव्हा हातांवरचे खिळ्यांचे वण तसेच होते. ते बुजवणं त्याला जड होतं का? पण त्याने ठेवले, आणि घाबरून बसलेल्या शिष्यांना दाखवले. तूही हात दाखवतेस. पण ही चिंधी मागे लपवून.”

“काय करू मी?”

“अक्षरं आहेत ना तुझ्याकडे? लिही.”

रविवारी उपासनेनंतर दुपारभर बसून मी एक पान लिहिलं. आजवर गीतं उतरवली होती, नातवंडांना पत्रं लिहिली होती. स्वतःविरुद्ध लिहायची पहिलीच वेळ. ‘गाठ’ हा शब्द तीनदा खोडला.

सोमवारी चौकशी लाँड्रीतच झाली, रुळाच्या शेजारी. दोन अधिकारी, सुपरवायझर, कामावरच्या बायका, आणि हात गळ्यात बांधलेली ती. सोबत तिची सासू. मला बघून तिला बरं वाटलं. प्रार्थनेला आल्या असतील आजी, असं वाटलं असणार तिला.

मी कागद वाचला. ही गाठ माझी आहे. मी ती शोधली आणि शिकवली. माझी बोटं गेली तेव्हा मी खरं बोलले असते, तर आज हिची वाचली असती. पट्टी बांधल्याशिवाय सहाशे चादरी निघत नाहीत, हे तेव्हाच्या सुपरवायझरला माहीत होतं आणि आताच्यालाही आहे.

“सात बोटांची आजी गाठ शोधणार?” सुपरवायझर हसला. “उद्या कुणीही येईल आणि काहीही सांगेल.”

रूळ बंद होता. मी चिंधी काढली. गाठ मारता येऊ नये, विसरलेली असावी, असंच मनात होतं. पण अंगठ्याने आणि करंगळीने टोक धरलं, डाव्या हाताने वेढा घातला आणि मी श्वास घेईपर्यंत पट्टी वर बांधलेली होती. वीस वर्षांत हात काहीही विसरला नव्हता. मागे कुणीतरी “अगंबाई, मावशी!” असं पुटपुटलं. मी टोक ओढलं. गाठ सुटून चिंधी खाली पडली.

ती उठली आणि माझ्यासमोर आली. चेहरा पांढराफटक.

“आणि मला प्रभूची साक्ष सांगत होतात?” ती म्हणाली. “पुन्हा तोंड दाखवू नका.”

तिला कामावरून काढलं नाही. बरी झाली की कपडे मोजून घेण्याच्या खिडकीवर बसवायचं ठरलं. पट्टीवर लोखंडी जाळी आली, चिंधी अडकवायला जागाच उरली नाही. चादरी सहाशेच्या चारशे झाल्या. हे सगळं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त तिचा तो चेहरा दिसत होता.

बुधवारी पाय निघेनात. हे चपला घालून दारात उभे राहिले. “चल. तुझी सात, माझी दहा. सतरा बोटं घेऊन जाऊ.”

ते फाटकाशी थांबले. वर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी स्टुलावर बसले, साक्ष सांगितली नाही. मनातल्या मनात एवढंच विचारत होते, प्रभू, हा हात ठेवलास तो कशासाठी? वेळ संपली, मी उठले. पुढच्या बुधवारीही तसंच. पाठमोरी ती, आणि मी.

तिसऱ्या बुधवारी मी उठायला लागले, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

“बटण डाव्या हाताने आतून ढकलायचं की बाहेरून ओढायचं?”

“आतून,” मी म्हणाले. “आधी अंगठा काजातून घाल, वाट मोकळी होते.”

ती वळली. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती. मी माझ्या सदऱ्याचं बटण काढून पुन्हा सावकाश लावून दाखवलं. हात कशासाठी ठेवलास, हे मी त्यानंतर प्रभूला विचारलं नाही.

तिचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं. तिने ते काढलं आणि पुन्हा अंगठा घातला.