आठवं दार

घरातली सात दारं बदलायची ठरली, आणि घरात दारं होती आठ.

भाऊ सुताराला यादी वाचून दाखवत होता, तेव्हा ताई हातातलं शिवण घेऊन मागे उभी होती. बैठकीच्या खोलीचं, स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, मुलाच्या खोलीचं. अगदी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचंसुद्धा नाव यादीत होतं. अडगळीला नवं कोरं दार! तिथे राहतं कोण, तर एक मोडका पंखा आणि दोन गाद्या. त्यांना एकांत हवा असेल.

"आणि माझं?" ताईने विचारलं.

"तुझं बदलून काय उपयोग, ताई? तिकडची भिंतच खचलीय. नवं बसवलं तरी ये रे माझ्या मागल्या." भावाने यादीतून डोकंही वर काढलं नाही.

हे वाक्य ती तीस वर्षं ऐकत होती. तिचं दार लोटलं की समोरच्या चौकटीवर अडायचं आणि चार बोटं उघडं राहायचं. ती आतून स्टूल लावून ठेवी, पण स्टूल सरकवायला कितीसा जोर लागतो? कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायका कपाटाच्या दाराआड अंग चोरून माप बघत, कारण कात्री मागायला कोण कधी घुसेल याचा नेम नसे. बटण तुटलं, ताईकडे. पोर रडलं, ताईकडे. पाहुणे आले, त्यांच्या पिशव्या ताईच्या खाटेवर. भावजय बोलत बोलत आत यायची आणि बोलतच बाहेर जायची. "ताईंची खोली म्हणजे सगळ्यांचीच," असं ती चारचौघांत कौतुकाने सांगे, आणि ताई दातओठ खात सुईत दोरा ओवी.

भाऊ रंगाचे नमुने बघायला आत गेला. सुतार कानावर पेन्सिल अडकवून उभा होता. मोठा माणूस, आणि त्याहून मोठा आवाज.

"जरा माझं दार बघता?" ताई म्हणाली.

"यादीत नाही ते."

"बघायला यादी कशाला लागते?"

सुतार हसला. त्याने पिशवीतून गुण्या काढला, म्हणजे काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी, आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांना लावून पाहिला. मग पुन्हा लावला.

"बाई, अख्ख्या घरात गुण्यात असलेली चौकट एकच, आणि ती ही!"

"भिंत खचलीय म्हणतात."

"कोण म्हणतं? भिंत खचली असती तर चौकट वाकडी झाली असती. दारही सरळ आहे. मग हे अडतंय कशाला?"

तो गुडघ्यावर बसला आणि पटाशीच्या टोकाने बिजागरीवरचा रंग खरवडू लागला. रंगाचे तीन-चार थर निघाले. स्क्रू गंजलेले होते, पण सुतार हट्टी होता. त्याने बिजागरी सुटी केली आणि तिच्यामागून लाकडाची एक पातळ पट्टी ओढून काढली. खालच्या बिजागरीमागेही तसलीच.

"हे मुद्दाम केलंय कुणीतरी," तो म्हणाला. "बिजागरी पुढे आली की दार पुढे सरकतं. जन्मात बसायचं नाही. सुताराचं काम नाही हे, पण डोकं चांगलं चाललंय."

ताईने पट्टी उलटी केली. तिच्यावर आकडे होते. सोळा, सतरा, अठरा. ही तिची कापड बेतायची पट्टी होती, ती माहेरी परत आली त्याच महिन्यात हरवलेली. त्या पट्टीपायी तिने शिवण शिकायला येणाऱ्या शेजारच्या मुलीला चोर ठरवलं होतं. ती मुलगी पुन्हा कधी आली नाही.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच बैठकीत गेली आणि दोन्ही तुकडे भावाच्या रंगाच्या नमुन्यांवर आपटले.

भावाने ते लगेच ओळखले. हेच तिला जास्त लागलं.

"आईने सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू सासरहून आलीस आणि तीन दिवस दार लावून बसलीस. जेवायला नाही, बोलायला नाही. आई घाबरली होती, ताई. मी एकोणीस वर्षांचा होतो. तिने सांगितलं, मी केलं."

"आणि नंतर?"

"नंतर... राहूनच गेलं."

"राहून गेलं? दूध आणायचं राहून जातं! दरवर्षी तुला सांगत होते मी, दार बसत नाही, दार बसत नाही. आणि तू दरवर्षी माझ्या तोंडावर भिंत खचवत होतास!"

"खरं सांगू का? सगळ्यांना सवय झाली. तुझं दार उघडं असलं की घर कसं भरलेलं वाटायचं."

"तुमचं घर!"

आवाज ऐकून भावजय आली, सुतारही आला. भावाने सगळ्यांकडे बघितलं आणि सुताराला म्हणाला, "सध्या होतं तसं लावून टाका. पट्टीसकट. ती चिडलीय. आणि ताई, आता या वयात आतून कडी लावायची म्हणजे... उद्या पडलीस बिडलीस, तर आम्हाला कळणार कसं?"

"तेव्हा मी तरुण होते म्हणून, आता म्हातारी म्हणून!" ताई ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच ओरडत होती. "मग दार लावायचं माझं वय होतं तरी कधी?"

सुताराने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि मुकाट जाऊन पट्टीशिवाय बिजागऱ्या बसवल्या. दहा मिनिटांचं काम. फार तर बारा.

ताई आत गेली आणि तिने दार लोटलं. ते बसलं. तिने कडी सरकवली. गंजलेली होती, दोन्ही हातांनी रेटावी लागली. मग ती खाटेवर बसली.

आईची भीती खोटी नव्हती. त्या तीन दिवसांत मनात काय काय येऊन गेलं होतं, ते ताईने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तो पहिला महिना तिने आईला माफ केला, भावालाही केला. पुढची तीस वर्षं मात्र ती माफ करणार नव्हती.

बाहेर पावलं थांबली. दार ढकललं गेलं, पण हललं नाही.

"ताई?" भावाचा आवाज चिरकला होता. "आत काय करतेयस?"

"काही नाही."

"मग दार उघड ना."

"काहीच करत नाहीये," ताई म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा. जा आता."